लाल रेघेच्या आत

कुरडईचा चीक कुणासाठी थांबत नाही. भिजवलेले गहू वाटायचे, गाळायचे, वरची निवळ ओतून टाकायची, मग चुलीवर हात मोडेपर्यंत हाटायचा, आणि शिजला रे शिजला की गरम असतानाच सोऱ्यात भरून दाबायचा. गार झाला की त्याचा गोळा होतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. सांगलीच्या त्या गल्लीतल्या बायकांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. जग कुठल्या कुठं गेलं, घरातले दिवे न सांगता लागायला लागले, चैत्रातलं ऊन भाजून काढायला लागलं. पण वाळवण मात्र अजूनही गच्चीवरच व्हायचं, आणि तेही पाळीपाळीनं एकमेकींच्या घरी.

त्या दिवशी पाळी पद्मजा मगदूमची होती. नवरा गेल्यापासून ती त्या दोन खोल्या आणि गच्चीच्या घरात एकटीच राहायची, ब्लाउज शिवायची आणि कुणाचं मिंधं होऊन जगायचं नाही म्हणायची. चिकाचं पातेलं फडक्यात धरून ती जिना चढत असताना वळणावर थोडा चीक हिंदकळून पायरीवर सांडला. मागून शेजारची उज्ज्वला येत होती, सोऱ्या घेऊन.

"अगं, सांडलं बघ," उज्ज्वला म्हणाली.

"राहू दे गं. आधी कुरडया घालून घेऊ, मग पुसते."

यात चुकीचं काही आहे असं दोघींपैकी एकीलाही वाटलं नाही. कुठल्याच बाईला वाटलं नसतं. प्लॅस्टिकचा अर्धा कागद कुरडयांनी भरला तेव्हा सोऱ्याला लावायचं तेल संपलं आणि उज्ज्वला ते आणायला खाली गेली. सांडलेलं तिनंच पाहिलं होतं, आणि तिच्याच पायाखाली ते आलं. पायरीची कड तिच्या कमरेत बसली. वरून पद्मजा धावत आली तेव्हा उज्ज्वला डोळे उघडे ठेवून पडली होती आणि म्हणत होती, "पाय कुठं गेले गं माझे?"

*

मधल्या दोन महापुरांनी कृष्णाकाठची कितीतरी घरं खचवल्यावर सरकारनं घराचा विमा सक्तीचा केला होता. घरपट्टीबरोबर हप्ताही जायचा. त्या पॉलिसीत पुराच्या कलमांच्या मागं एक कलम दबून बसलं होतं: तुमच्या घरात परक्या माणसाला इजा झाली तर भरपाई कंपनी देईल, पण ठरलेल्या मर्यादेपर्यंत. त्याच्या वरचं घरमालकानं द्यायचं, आणि नाही जमलं तर घर विकून द्यायचं. हे कलम गल्लीत कुणीही वाचलेलं नव्हतं. पॉलिसी वाचणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

आणि इजा किती झाली, हे आता माणसं ठरवत नव्हती. पूर्वी डॉक्टर विचारायचे, एक ते दहात किती दुखतंय? सोशिक माणूस चार सांगायचा, कांगावखोर नऊ, आणि कोर्टात वकील त्यावर वर्षानुवर्षं भांडायचे. मग ती पट्टी निघाली. मानेच्या वर, केसांखाली चिकटवायची, बोटभर रुंदीची. मेंदूतल्या पेशी कामाला लागल्या की अगदी क्षीण चुंबकीय लहरी उठतात. पट्टीतले संवेदक त्या लहरी टिपायचे आणि हजारो रुग्णांच्या नोंदींवर तयार झालेली संगणकप्रणाली त्यातून दुखण्याचा ठसा तेवढा वेगळा काढायची. त्याचा शून्य ते शंभर असा आकडा व्हायचा. त्याला वेदनांक म्हणायचे. तो रडून वाढवता येत नव्हता की दात दाबून लपवता येत नव्हता.

शोध लावणाऱ्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहून ठेवली होती. शरीराचं दुखणं आणि मनाचं दुखणं मेंदू वेगवेगळ्या खोल्यांत ठेवत नाही. कंबर ठणकते तेव्हा जे भाग जागे होतात, त्यांतलेच बरेचसे कुणी जिव्हारी लागेल असं बोलल्यावरही जागे होतात. आणि जिवाचं माणूस हात धरून बसलं तर दोन्ही दुखणी उतरतात. उतरल्यासारखी वाटतात असं नव्हे, खरोखर उतरतात. पण कायदा करणाऱ्यांना या भानगडीत पडायचं नव्हतं, त्यांना एक सुटसुटीत आकडा हवा होता. तीन महिने पट्टी लावायची, सरासरी काढायची, उरलेल्या आयुष्याचा हिशेब घालायचा आणि भरपाई देऊन मोकळं व्हायचं.

उज्ज्वलाला इस्पितळातून घरी आणल्यावर विमा कंपनीचा भोकरे नावाचा तरुण अधिकारी आला. त्यानं पट्टी लावली आणि पलंगासमोरच्या भिंतीवर एक पडदा बसवला. त्यावर एक निळी रेघ थरथरत होती: उज्ज्वलाचा वेदनांक. तिच्या बरीच वर एक लाल रेघ होती.

"ही लाल म्हणजे मगदूम काकूंच्या पॉलिसीची मर्यादा," भोकरेनं समजावलं. "निळी इथं टेकून राहिली तर पूर्ण मर्यादेची रक्कम मिळणार. खाली राहिली तर त्या मानानं कमी. रोज सकाळी लाल रेघ नव्यानं आखली जाते. आकडा कमी राहिला की ती वर सरकते, कारण सरासरी भरून काढायला पुढं जास्त लागतं."

"आणि निळी वर गेली तर?" उज्ज्वलाच्या मुलानं, सन्मतीनं विचारलं.

भोकरेनं खिडकीतून पद्मजाच्या घराकडं नुसतं अदबीनं पाहिलं.

पुण्यात मज्जारज्जू सांधायची नवी शस्त्रक्रिया होत होती. ती झाली तर उज्ज्वला उभी राहील, चालेलही, असं डॉक्टर म्हणत होते. तिचा खर्च सन्मतीनं विचारून ठेवला होता. पॉलिसीची मर्यादा पूर्ण हाती आली, तरच तो भागणार होता.

निघताना भोकरे फाटकापाशी पद्मजाला म्हणाला, "काकू, रोज जात जा हो त्यांच्याकडं. माणसाला माणूस लागतं." कंपनीत अजून चांगली माणसं आहेत म्हणायची, असं पद्मजाला वाटलं. बिचारी शिवणकाम करणारी बाई, तिला काय ठाऊक की त्या पोराला पगार कशाचा मिळतो.

*

पद्मजा रोज जायची. शिवणयंत्रावर कापड तसंच टाकून जायची. उज्ज्वलाच्या केसांना तेल लावायची, पलंगाच्या कडेला बसून तिचा हात हातात घ्यायची आणि गल्लीतल्या सगळ्या भानगडी पुरवून पुरवून सांगायची. एका पायात उज्ज्वलाला काही कळत नव्हतं आणि दुसऱ्यात निखारे ठेवल्यासारखी आग होत होती. पण पद्मजा बोलायला लागली की ती डोळे मिटायची, आणि निळी रेघ हळूहळू खाली यायची.

"बघ, बघ, उतरतंय!" पद्मजा हरखून म्हणायची. सन्मती दाराशी उभा असायचा. त्याची नजर लाल रेघेवर असायची.

एका रविवारी तो पद्मजाच्या घरी आला. कुपवाडच्या कारखान्यात यंत्रांच्या देखरेखीचं काम करणारा, सरळ स्वभावाचा पोरगा. पद्मजानं त्याला लहानपणी शाळेचे सदरे शिवून दिले होते. तो खुर्चीवर बसला नाही.

"काकू, एक बोलू? राग मानू नका. उद्यापासून येऊ नका."

"का रे बाबा? काय झालं?"

"तुम्ही आलात की आकडा पडतोय."

"अरे, पण तिला बरं वाटतं."

"तेच म्हणतोय मी. तिला बरं वाटतं म्हणून सरासरी पडते. लाल रेघ किती वर गेली बघितलीत का? पुण्याचं ऑपरेशन हातचं जाईल, काकू. तीन महिने दुखू दे तिला. मग जन्मभर चालंल तरी. मी तरी कुठं बसतोय तिच्याजवळ? ताट ठेवतो आणि बाहेर येतो. हाक मारते, तरी जात नाही मी."

पद्मजाला इस्पितळाचा व्हरांडा आठवला. उज्ज्वला आत बेशुद्ध होती आणि सन्मती कारखान्यातून धावत आला होता. अंगात कामाचाच निळा शर्ट, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. आल्या आल्या त्यानं पद्मजाचे खांदे धरले आणि पहिला प्रश्न विचारला, "काकू, तुमच्या पॉलिसीची मर्यादा किती आहे?" आई कशी आहे, हे त्यानं नंतर विचारलं. पैसे भरायच्या खिडकीवरच्या माणसानं त्याच्याकडं पॉलिसीची हमी मागितली होती, हे पद्मजाला पुढं कळलं. तरी तो प्रश्न तिच्या मनात कुसळासारखा रुतून बसला होता. ती कुणाला बोलली नव्हती.

सन्मती गेल्यावर ती बराच वेळ दारात उभी राहिली. इकडं आड, तिकडं विहीर. उज्ज्वलाकडं गेलं तर तिचे पाय जाणार. नाही गेलं आणि निळी रेघ लाल रेघेच्या वर चढून बसली तर आपलं घर जाणार. सगळ्यात वाईट म्हणजे, मैत्रिणीजवळ बसावंसं वाटतंय ते मायेनं की घराच्या काळजीनं, हे तिचं तिलाच सांगता येईना. एवढी साधी गोष्ट, आजारी माणसाच्या उशाशी जाऊन बसणं, तीसुद्धा या लोकांनी नासवून ठेवली होती.

ती जायची थांबली.

*

दुपारी सगळी गल्ली सामसूम झाली की उज्ज्वलाचं कण्हणं ऐकू यायचं. पद्मजा शिवणयंत्र जोरात चालवायची. एकदा उज्ज्वलानं तिच्या नावानं हाक मारली, आणि पद्मजानं चांगला शिवलेला ब्लाउज उसवून पुन्हा शिवायला घेतला.

पण माणूस कशालाही सरावतो. पहिले काही दिवस निळी रेघ भराभर चढली आणि मग एका जागी थबकली. उज्ज्वलाच्या मेंदूला एकटेपणाची सवय झाली होती. लाल रेघ मात्र वर वर सरकत राहिली. शेवटचे थोडे दिवस उरले असताना उज्ज्वलाचा फोन आला.

"सन्मती कामावर गेलाय. ये."

"अगं, पण आकडा..."

"ये म्हणते ना! आणि हे बघ, भांडायला ये."

पद्मजा गेली. उज्ज्वला निम्मी झाली होती. पद्मजाला तिच्या गालावरून हात फिरवायची अनिवार इच्छा झाली, तिनं हात पदरात गुंडाळून घेतला. दोघींनी ठरवलं: जेवढं टाकून बोलता येईल तेवढं बोलायचं.

"तुझ्या लोणच्याला दर वर्षी बुरशी येते," पद्मजानं सुरुवात केली.

"आणि तू दर वर्षी बरणी मागून नेतीस. अजून बोल."

"माझी मोरपंखी साडी नेलीस भावाच्या लग्नाला, ती हळदीचा डाग पाडून परत दिलीस."

"डाग तुझ्याच नवऱ्यानं पाडला होता, आमटी ओरपताना!" उज्ज्वला म्हणाली आणि तिला हसू फुटलं. पद्मजालाही फुटलं. इतक्या दिवसांनी दोघी पोट धरून हसल्या. कमरेत कळ आली तरी उज्ज्वला हसत राहिली, आणि समोर निळी रेघ घसरगुंडीवरून यावी तशी खाली आली.

"मेले, हसवू नकोस," उज्ज्वला डोळे पुसत म्हणाली. मग तिनं पडद्याकडं पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "असलं लुटुपुटूचं नको, पद्मे. याला ते हलत नाही. काहीतरी खरं बोल. लागेल असं."

"माझ्या पोटात काही नाही गं."

"तीस वर्षं शेजारी आहेस. काही नाही कसं?" उज्ज्वलानं तिचं मनगट घट्ट पकडलं. "तरणाताठा पोरगा रोज मला उचलून संडासला नेतो. तोंड दुसरीकडं करून उभा राहतो. जन्मभर हे? मला चालायचंय, पद्मे. तुझ्या पायरीवर पडले मी, एवढं कर माझ्यासाठी."

ते शेवटचं वाक्य तिनं काढायला नको होतं. पण काढलं, आणि पद्मजाला रडू कोसळलं. रडत रडतच ती बोलून गेली.

"इस्पितळात तू आत पडली होतीस ना, सन्मती आला. आई कशी आहे, हे त्यानं विचारलं नाही. पहिलं विचारलं, काकू, तुमच्या पॉलिसीची मर्यादा किती? तू जगतीस का मरतीस हे कुणालाच ठाऊक नव्हतं तेव्हा, उजू. पहिलं त्यानं ते विचारलं."

निळी रेघ हलली. चढली, थांबली, पुन्हा चढली. पद्मजाची नजर तिच्यावर खिळली. लाल रेघ जवळ आली. आता बास, ती मनात म्हणाली, आता ओलांडू नको, माझं घर आहे. निळी रेघ लाल रेघेला टेकली आणि तिथंच थरथरत राहिली.

मग पद्मजानं उज्ज्वलाकडं पाहिलं. उज्ज्वला पडद्याकडं बघतच नव्हती. ती पद्मजाकडं बघत होती, किती वेळापासून कोण जाणे.

"झालं तुझं काम," उज्ज्वला म्हणाली. "जा आता."

*

त्यानंतर कुणाला काही करावं लागलं नाही. रेघ शेवटपर्यंत तिथंच राहिली. सन्मती ताट ठेवून बाहेर येत होता, पण आता आई त्याला हाक मारत नव्हती. त्याला वाटलं, ती समजून घेतेय.

मुदत संपल्यावर भोकरे पट्टी काढायला आला. आकडे बघून तो खूश झाला. "अगदी मर्यादेत बसलं बघा! ना वर, ना खाली. असं फार क्वचित होतं," तो म्हणाला. कंपनीनं पूर्ण रक्कम दिली. पुण्याची शस्त्रक्रिया पार पडली. पद्मजाचं घर पद्मजाकडं राहिलं. कुणाचंच नुकसान झालं नाही असं कागदोपत्री सिद्ध झालं.

उज्ज्वला परत आल्यावर पद्मजानं चार दिवस धीर गोळा केला. मग ती गेली. उज्ज्वला अंगणात खुर्चीवर बसली होती, शेजारी चारपायी वॉकर. सन्मती आत भांडी घासत होता.

"बस," उज्ज्वला म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"उजू, त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं," पद्मजा खाली बघत म्हणाली. "तो रडत होता गं. धड उभं राहवत नव्हतं त्याला. खिडकीवरच्या माणसानं हमी मागितली, त्याशिवाय तुझ्यावर इलाज सुरू करेनात. म्हणून विचारलं त्यानं. तुझ्यासाठीच विचारलं."

उज्ज्वलानं वॉकर जवळ ओढला. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आकडा हलला नसता."

आत नळ बंद झाला. भांडी पालथी घातल्याचा आवाज आला. उज्ज्वला आपल्या नव्या पायांकडं बघत होती.

"रडत असेल," ती म्हणाली. "खोटं नाही म्हणत मी. तू पण रडत होतीस की त्या दिवशी, माझ्या पलंगाशी. पण बघितलंस आधी आकड्याकडंच."

पद्मजा जायला वळली.

सन्मती हात पुसत बाहेर आला. पद्मजाला पाहून तो मनापासून हसला. आता येऊ नका म्हणायचं काही कारण उरलं नव्हतं. "काकू, बसा, चहा टाकतो. आई, ऊन आलं अंगावर, आत जाऊया?" त्यानं आईपुढं हात केला.

उज्ज्वलानं त्या हाताकडं पाहिलं. मग वॉकरच्या दोन्ही मुठी धरल्या, जोर लावला आणि एकटीच उठली. एकेक पाऊल टाकत, कुणाच्याही अंगाला न लागता, ती चालत आत गेली.